सेठच्या सॅम्पलला लाल दोरा

“हमारे सेठ का धागा किधर है?” गफूरभाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. मला उत्तर देता येत नव्हतं, कारण माझ्या तोंडात पिपेट होतं आणि पिपेटात कुणाचं तरी रक्त होतं.

आज हे वाचून अंगावर काटा येईल. तेव्हा येत नव्हता. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. भिवंडीतली आमची पॅथॉलॉजी लॅब दोन खोल्यांची होती आणि रक्त तोंडानेच ओढायचं असतं, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. पिपेट म्हणजे आकडे कोरलेली काचेची बारीक नळी. एक टोक रक्तात, दुसरं ओठांत. हळूच ओढायचं, रक्त खुणेपर्यंत चढलं की वरचं टोक बोटाने दाबायचं आणि टेस्ट ट्यूबमध्ये सोडायचं. ओढताना कुणी हाक मारली की गेलं तोंडात. मग बेसिनवर थुंकायचं, चूळ भरायची, पुन्हा ओढायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षात माझ्या तोंडात दोनदा रक्त आणि एकदा लघवी गेली होती. त्यावर सीनियरने मला शाबासकी दिली होती, की आता तू खरी टेक्निशियन झालीस.

मी रक्त ट्यूबमध्ये सोडलं आणि विचारलं, “कसला धागा, गफूरभाई?”

“वो लाल वाला. कल जगदीश को लगाया, हमारे सेठ को नहीं लगाया. ये कौन सा तरीका है?”

मी कपाळाला हात लावणार होते, पण हात रक्ताचे होते.

गफूरभाई म्हणजे आमच्या मागच्याच गल्लीतल्या एका मोठ्या पॉवरलूम कारखान्याचे मुकादम. कारखान्यात कुणाला ताप आला, कावीळ झाली, खोकला लागला, की त्याला आमच्याकडे घेऊन येणार ते हेच. लॅबचं निम्मं काम त्यांच्यामुळे चालायचं. त्यामुळे त्यांचा पारा चढला की आमच्या डॉक्टरांचा रक्तदाब चढायचा. आणि आता त्यांना लाल धागा हवा होता. का हवा होता ते सांगायचं तर तीन महिने मागे जावं लागेल.

आमच्या लॅबमध्ये दोन टेक्निशियन. मी, रोज पडघ्याहून एसटीने येणारी, आणि शकीला. शकीला भिवंडीतल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातली. हात हलका, काम स्वच्छ, बोलणं कमी. एक दिवस स्लाइड धुता धुता तिने मला सांगितलं की तिला तिसरा महिना लागलाय. मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली.

कारण कावीळ. एक कावीळ घाण पाण्यातून होते, ती सगळ्यांना माहीत असते. दुसरी रक्तातून होते. हिपॅटायटिस बी. तिच्या तपासणीला तेव्हा आम्ही ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणायचो. बोटाला बारीकशी चीर असेल आणि तिथे असं रक्त लागलं तरी पुरे. तोंडात गेलं तर विचारायलाच नको. आईला असेल तर बाळंतपणात ती बाळाला लागू शकते, आणि बाळ ती जन्मभर घेऊन फिरतं. लस निघालीय असं आम्ही नुसतं ऐकून होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ज्याच्या रक्तात ती असते तो माणूस पिवळा दिसेलच असं नाही. धडधाकट असतो, जेवतो, हसतो. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

मी डॉक्टरांकडे गेले. लॅब त्यांचीच. माणूस वाईट नव्हता. मायक्रोस्कोपला डोळा लावला की एका स्लाइडवरून ते असं निदान करायचे की मुंबईचे डॉक्टर मान डोलवायचे. पण या एका विषयात त्यांच्यापुढे डोकं आपटून घेणं एवढंच हातात होतं.

“डॉक्टर, दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक सॅम्पलला ग्लोव्हज आणि पिपेटला लावायचे रबरी फुगे.” फुगा दाबून सोडला की रक्त आपोआप वर चढतं, तोंड लावावं लागत नाही.

“सुमनबाई, मी तीस वर्षं तोंडाने ओढतोय. मला काय झालं?”

“तुमच्या पोटात बाळ नाहीये, डॉक्टर.”

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी तोडगा काढला. ग्लोव्हजचे दोन जोड आणि एक फुगा ड्रॉवरमधून काढून दिला आणि म्हणाले की हे फक्त पॉझिटिव्ह सॅम्पलला वापरा. त्या सॅम्पलवर काहीतरी खूण करा.

“ज्याचं आधीपासून माहीत आहे त्याला खूण. ज्याचं माहीतच नाही त्याचं काय?”

“संशय आला तर करा.”

“संशय कशावरून यायचा?”

“डोळे पिवळे दिसले तर.”

डोळे पिवळे दिसतीलच असं नाही, हे मला याच माणसाने शिकवलं होतं. दोन जोड तर दोन जोड.

आता खूण कशी करायची? आम्ही रक्त घ्यायचो ते पेनिसिलीनच्या इंजेक्शनच्या रिकाम्या, धुऊन उकळलेल्या बाटल्यांत. लॅबमध्ये त्यांना बल्ब म्हणतात. त्यांच्यावर लावलेले स्टिकर फ्रिजमध्ये ओले होऊन गळून पडायचे. पण भिवंडीत सुताची काय कमी? शेजारच्या कारखान्यातून मी लाल सुताचा एक कोन, म्हणजे मोठं रीळ, आणला आणि पॉझिटिव्ह बल्बच्या गळ्याला दोरा बांधायला सुरुवात केली.

त्याचा परिणाम काय झाला, तर जे आधी होतं तेही गेलं. आधी शकीला प्रत्येक बल्ब थोडा तरी जपून हाताळायची. आता दोरेवाला आला की ग्लोव्हज, फुगा, वेगळा स्टँड, टेबल दोनदा पुसणं. आणि बिनदोऱ्याचा आला की बिनधास्त. अंगठ्याने रबरी बूच उडवायचं, तोंडाने ओढायचं, त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसायचा. मी तिला ओरडायचे आणि पाच मिनिटांनी स्वतः तेच करायचे. खोटं कशाला बोलू. दोरा नाही म्हणजे धोका नाही, असं डोकं आपोआप मानायला लागतं.

जगदीशचा बल्ब दोरेवाला होता. उत्तर प्रदेशातून आलेला पंचविशीचा कारीगर, बारा तासांची शिफ्ट करणारा. कावीळ झाली म्हणून आला आणि ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह निघाला. त्याने एकदा शकीलाला पिपेट ओढताना बघितलं होतं. “दीदी, आप भी मुँह से खींचते हो?” त्याला नवल वाटलं. लूमच्या शटलच्या भोकातून सुताचं टोक बाहेर काढायला ते लोकही तोंडाने ओढतात. एकाची शिफ्ट संपली की तेच शटल दुसऱ्याच्या तोंडाला.

रिपोर्ट कळल्यावर त्याने माझ्यापुढे हात जोडले. “मुकादम को मत बताना. बिशी से निकाल देंगे.” बिशी म्हणजे कारीगरांची खानावळ, जिथे वीस-पंचवीस जण एकत्र जेवतात. एका पंगतीत जेवून ही कावीळ होत नाही, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “मैं समझ गया. उनको कौन समझाएगा?” मी शब्द दिला की माझ्या तोंडून जाणार नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी गफूरभाई काउंटरवर उभे. जगदीशच्या बल्बला दोरा बांधलेला त्यांनी बघितला होता. त्याला हातमोजे घालून उचललं, वेगळं ठेवलं, टेबल पुसलं, हेही बघितलं होतं. आणि त्यांच्या सेठचा बल्ब बाकीच्यांत ठेवलेला. त्यांनी सरळ अर्थ काढला की लाल दोरा म्हणजे स्पेशल सर्व्हिस.

“गफूरभाई, तो दोरा चांगला नसतो,” मी म्हटलं. याहून जास्त काय सांगणार?

“अच्छा नहीं, तो उसका इतना खयाल क्यों रखते हो?”

प्रश्न चोख होता. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जगदीशच्या पोटावर पाय देऊन द्यावं लागलं असतं.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. “अहो सुमनबाई, सेठना लावा ना दोरा. आपलं काय जातंय?” गफूरभाई खूश होऊन गेले. ते गेल्यावर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “नुसता दिखाव्याला बांधा. ग्लोव्हज वगैरे घालत बसू नका.”

पुढच्या आठ दिवसांत जे झालं त्याने माझं डोकं फिरायची वेळ आली. गफूरभाई ज्याला त्याला सांगत सुटले. कारीगर यायचे आणि बाही वर करायच्या आधी म्हणायचे, “मॅडम, धागा बाँधना.” मग गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यांचे मुकादम. मग शाळेचे मास्तर. दिघाशीहून एक आजी सुनेचं हिमोग्लोबिन तपासायला घेऊन आली, ती खुर्चीत बसायलाच तयार नाही.

“बाय, माझे सुनेला बी तो लाल दोरा बांद. त्याचा गुन येतो म्हनतान.”

“आजी, तो दोरा आजारी माणसाचा असतो.”

“मंग माजी सून काय बरी हाय?”

मी दोरा बांधला.

शनिवारी संध्याकाळी शकीला स्टँडपुढे हाताची घडी घालून उभी होती. स्टँडमधले निम्म्याहून जास्त बल्ब लाल. “ताई, यातला खरा कुठला?”

मी बघितलं. मला सांगता येईना. सगळे दोरे मीच बांधले होते आणि मलाच सांगता येईना. रजिस्टर उघडून एकेक नाव लावत बसलो तेव्हा दोन खरे सापडले, आणि त्यातल्या एकाचं बूच तिने उघड्या हातांनी काढलंही होतं. ती दोन्ही हात पोटापासून लांब धरून बेसिनकडे गेली. मला स्वतःचा इतका राग आला की मी तो लाल सुताचा कोन भिंतीवर फेकला.

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “सोपं आहे. खऱ्याला दोन गाठी मारा.”

“डॉक्टर, मी रक्त तपासू की गाठी मोजू? आणि आठ दिवसांनी गफूरभाई दोन गाठी मागायला आले तर?”

“तुम्ही फार ताणता सुमनबाई.”

त्या दिवशी मी ठरवलं. शकीलाला सांगितलं की दोरा दिसला की तो खराच समजायचा, ग्लोव्हज आणि फुगा, दुसरं काही नाही. आणि ज्यांनी दोरा मागितला नाही त्यांच्या बल्बलाही मी गुपचूप बांधत गेले. एका कोनात सूत भरपूर असतं. तीन महिने हातापाया पडून जे मिळालं नव्हतं ते गफूरभाईंच्या हट्टामुळे मिळत होतं, मग मी का सोडू?

डॉक्टरांच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. शकीलाला सातवा महिना लागला होता. एका गुरुवारी त्यांनी स्टँड मोजला. “एकतीस सॅम्पल आणि एकतीस दोरे?”

“मागणी आहे, डॉक्टर.”

“ग्लोव्हज किती टिकतील?”

“धुतोय, उकळतोय, वाळवून पावडर लावतोय. फाटले की आणून दाखवते.”

“आणि काम किती मागे पडतंय ते? लोक बाहेर ओरडतायत. ते काही नाही. शनिवारपासून दोरा फक्त पॉझिटिव्ह रिपोर्टवाल्याला. बाकीच्यांना सांगा, सूत संपलं.”

भिवंडीत सूत संपलं हे कोण ऐकून घेणार, हे त्यांनाच माहीत. पण काम मागे पडत होतं हे खरं होतं. फुग्याने ओढायला वेळ लागतो. मी शकीलाकडे बघितलं तर ती खाली मान घालून लेबलं लिहीत होती.

दुसरा दिवस शुक्रवार. लूमची सुट्टी. इतर दिवशी आमच्या लॅबमध्ये कानाशी बोलावं लागायचं, शुक्रवारी घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. सुट्टी म्हणून सेठ स्वतः आले, उपाशीपोटी शुगर तपासायला. पांढरे शुभ्र कपडे, गोरा तुकतुकीत चेहरा, अत्तराचा वास, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस. बरोबर गफूरभाई. मी त्यांच्यासमोर बल्बला दोरा बांधला. गफूरभाईंनी मान हलवली.

डॉक्टर दारात येऊन म्हणाले, “शकीला, सेठचं आधी घे. रिपोर्ट हातात हवाय त्यांना. ग्लोव्हज राहू दे आता.”

शकीलाचा एक ग्लोव्ह अर्धा चढवलेला होता. तिने माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांपूर्वी बोंबील साफ करताना सुरीने तिचा अंगठा कापला होता, त्यावर पट्टी होती.

“घाल,” मी म्हटलं.

“सुमनबाई...” डॉक्टर म्हणाले.

“एक मिनिट लागतं, डॉक्टर. घालू दे.”

तिने ग्लोव्ह ओढून घेतला. बल्ब उचलला, बूच काढायला अंगठा दाबला आणि काच तडकली. पुन्हा पुन्हा उकळलेल्या बाटल्या त्या, कधी ना कधी तडकणारच. इतर दिवशी लूमच्या आवाजात कळलंही नसतं. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. बल्बचा गळाच तुटून पडला होता. रक्त तिच्या अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळलं आणि टेबलावर पसरलं. ती जागच्या जागी थिजली.

डॉक्टर तिला धीर देत म्हणाले, “घाबरू नकोस. सेठचं रक्त आहे, कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नाही.”

मी तिला बेसिनशी नेलं. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ग्लोव्हसकट हात बुडवायला लावला, मग ग्लोव्ह उलटा करून काढला. त्यात पाणी भरून तोंड पिळून धरलं आणि दाबलं. बारीक भोक असेल तरी पाण्याची चिळकांडी उडते. उडाली नाही. तिच्या अंगठ्यावरची पट्टी पांढरी आणि कोरडी होती. आम्ही दोघी ती पट्टी बघत उभ्या राहिलो. मग तिला रडू आलं.

तुटलेल्या बल्बच्या तळाशी थोडं रक्त उरलं होतं. मी कुणाला विचारलं नाही. ते ट्यूबमध्ये ओतून मशीनवर फिरवलं, वर आलेला पिवळा भाग घेतला, काचेवर एक थेंब ठेवला, त्यात ऑस्ट्रेलिया अँटिजेनचं औषध मिसळलं आणि काच हलवत बसले. काही निघालं नाही तर ते दुधासारखं सपाट राहतं. निघालं तर त्यात रव्यासारखे दाणे धरतात.

दाणे धरले.

मी डॉक्टरांना हाक मारली आणि काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी दिव्याखाली धरून बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. “दुसरं सॅम्पल घ्या,” एवढंच म्हणाले. मी बाहेर जाऊन सेठना सांगितलं की बल्ब तुटला, पुन्हा रक्त द्यावं लागेल. गफूरभाई म्हणाले, “इसी लिए बोलता था, ध्यान से करो.” मी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्यातही दाणे धरले. डॉक्टरांनी सेठना केबिनमध्ये नेऊन दार लावलं. बऱ्याच वेळाने सेठ बाहेर आले. चेहरा उतरला होता. गफूरभाई गाडी बघायला पुढे गेले तसे ते काउंटरपाशी थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “बहन, गफूर को मत बताना.”

जगदीशने जे म्हटलं होतं तेच. मी जगदीशला दिला होता तोच शब्द त्यांनाही दिला.

सोमवारी डॉक्टरांनी टेबलावर ग्लोव्हजचा अख्खा बॉक्स आणि सहा फुगे ठेवले. लाल सुताचा कोन उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. “दोरा बंद. सगळ्यांना सारखंच. आणि तोंडाने कुणी ओढायचं नाही. मी पण नाही.” मी नुसतं बरं म्हटलं. चार महिने मी दुसरं काय सांगत होते, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ओठांपर्यंत आलेलं अडवायची आम्हाला चांगली सवय होती. वर्षभराने डॉक्टरांच्या कुठल्याशा मीटिंगमध्ये त्यांनी ही पद्धत आपण कशी सुरू केली यावर भाषण केलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

शकीलाला मुलगी झाली. त्याआधी आणि त्यानंतरही मी शकीलाचं रक्त स्वतः तपासलं. दोन्ही वेळा दुधासारखं सपाट राहिलं. त्या दोन काचा मी कितीतरी दिवस धुतल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळलं ते एवढंच, की बल्बवर माणसाचं नाव लिहिता येतं, त्याच्या आत काय आहे ते लिहिता येत नाही.

गफूरभाई मात्र नाराज होते. पुढच्या वेळी स्वतःचंच रक्त द्यायला आले आणि बाही वर करता करता त्यांनी विषय काढला. “मॅडम, धागा क्यों बंद किया?”

“बंद नाही केला. आता प्रत्येक बल्ब धागेवालाच समजतो. आमच्याकडे आता सगळेच सेठ.”

त्यांनी स्टँडकडे बघितलं. सेठचा आणि जगदीशचा बल्ब शेजारी शेजारी उभे होते, लेबलांवर नावं होती, दोरा कुणालाच नव्हता.

“मतलब सेठ और जगदीश, दोनों एक लाइन में?”

“एकाच लायनीत.”

त्यांनी हात टेबलावर ठेवला. “फिर हमारा स्पेशल क्या रहा?”

मी ग्लोव्हज चढवले आणि म्हटलं, “मूठ वळा, गफूरभाई.”